नाव अंकाचे, सांगणे लोकांचे

नियतकालिक चालविणे हे एक व्रत आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वर्धापनदिनाच्या भाषणांत हा शब्द हटकून येतो. मला मात्र तो ऐकला की थोडी धास्तीच वाटते; कारण व्रत म्हटले की त्याचे उद्यापन आलेच, आणि आपल्या मुलखातली बहुतेक छोटी नियतकालिके तिसऱ्या-चौथ्या वर्षी उद्यापन उरकून मोकळी होतात. संपादक थकतो, वर्गणीदार घर बदलतो, कागद महागतो आणि शेवटच्या अंकात ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ या शब्दांनी सुरू होणारे निवेदन छापले जाते. ते अपरिहार्य कारण कोणते, हे वाचकाला कधीच कळत नाही.

काही महिन्यांपूर्वी वसईतील काही तरुणांनी याच विषयावर विचार करण्यासाठी एक छोटी बैठक बोलावली होती. त्यांतील एक जण जाहिरातीच्या व्यवसायात नोकरी करतो. वसईच्या लेखनाचा एक ‘ब्रँड’ झाला पाहिजे, असे त्याने मांडले, तेव्हा एका निवृत्त शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. साहित्य म्हणजे काय अंगाचा साबण आहे, असा त्यांचा सवाल होता. मला तो शब्द तितकासा परका वाटला नाही. जनावराच्या अंगावर तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा आणि त्यावरून ते कोणाच्या गोठ्यातले हे ओळखायचे, हा त्या शब्दाचा एक जुना अर्थ. आपण त्याला ‘छाप’ म्हणतो. काडेपेटीला छाप असते, विडीच्या बंडलाला असते आणि एखाद्याच्या बोलण्याचीही छाप पडते. छापखाना हा शब्दही त्याच घरातला. तेव्हा प्रादेशिक नियतकालिकाने आपली छाप निर्माण करावी, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. प्रश्न इतकाच की, तिच्यात आवाज कोणाचा असावा.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा उगमच या प्रश्नापाशी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ केवळ पंडिती हौसेतून जन्मला नव्हता. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकायला, म्हणायला काहीतरी हवे होते. मागणी श्रोत्यांची होती; फादरांनी ती ओळखली आणि त्यांच्याच ओवीत पुरविली. मराठी अक्षरांचे खिळे पाडून घेता यावेत म्हणून त्यांनी १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिले होते. ते काम काही झाले नाही, आणि आपला हा पहिला मोठा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. छापखान्याची अडचण ही आपली जुनी सोबतीण आहे, असे म्हणायला हरकत नाही.

१६४९ आणि १६५४ साली या पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही पुराण जगले. ज्यांनी ते ऐकले होते त्यांनी ते हाताने उतरवून घेतले आणि मंगळूरकडील ख्रिस्ती घरांतून ही हस्तलिखिते जपली गेली. त्यांच्या आधारे १९०७ साली सालढाणा यांनी मंगळुरास नवी आवृत्ती काढली, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती वाचकांच्या हाती ठेवली. छापलेल्या प्रती नाहीशा झाल्या आणि हाताने लिहिलेल्या टिकल्या, ही मला या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. छापखान्याची छाप पुसली गेली; लोकांच्या जिभेवरची मात्र राहिली.

नंतरच्या काळाबद्दल फार लिहीत नाही, कारण या त्रैमासिकाच्या वाचकांस तो ठाऊक आहे. अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली अहमदनगरला निघाले. जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ सुरू केला. निरोप्या म्हणजे निरोप पोहोचविणारा. किती अचूक नाव! त्यात संपादकाचा डौल नाही, धर्मपीठाचा दरारा नाही. एका गावचा निरोप दुसऱ्या गावी नेणारा साधा माणूस आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. शाळेची पायरी जवळजवळ न चढलेल्या या बाईंनी, स्वयंपाकघरात बसून सांगावे तसे लिहिले आणि मराठी गद्याला एक नवे वळण दिले. एखाद्या पंडिताने त्या लेखनावर ‘संस्कार’ केले असते तर काय झाले असते, या कल्पनेने माझ्या अंगावर काटा येतो.

वसईकरांच्या दृष्टीने खरा धडा आहे तो ‘सुवार्ता’ मासिकाचा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे त्याचे मुख्य संपादक होते. मी गोरेगावच्या सेमिनरीत शिकत होतो तेव्हा आमचे तत्त्वज्ञान इंग्रजीत, ईशज्ञान इंग्रजीत, वादविवादही इंग्रजीत चालत. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या मेजावर ‘सुवार्ता’ येई आणि आम्ही वसईची मुले ती आळीपाळीने वाचत असू. तोवर धार्मिक मासिक म्हणजे संतचरित्र, पोपमहोदयांचे विश्वपत्र आणि मृत्युवार्ता, अशी आमची समजूत. येथे मात्र आमच्याच विहिरींच्या पाण्याविषयी लिहिलेले असे; हिरवी वसई वाचविण्याच्या चळवळीविषयी, टँकरविषयी, जमिनींविषयी लिहिलेले असे. ख्रिस्ती नसलेले मराठी वाचकही ते वाचत आणि त्यात लिहीत. धर्मप्रांतीय मासिक एका प्रदेशाचे मासिक झाले, ते मुखपृष्ठ बदलून नव्हे. त्या प्रदेशाला रात्री ज्या चिंतेने झोप येत नव्हती, ती चिंता त्यात छापली जाऊ लागली म्हणून.

२०२० साली तेव्हाच्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर दिब्रिटो होते. एका कॅथलिक धर्मगुरूला हा मान त्यापूर्वी कधी मिळालेला नव्हता. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ची, साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्काराची तेव्हा पुष्कळ चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. परंतु त्या व्यासपीठाकडे जाणारी वाट दर महिन्याला, एकेका अंकाने बांधली गेली होती, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. त्या दिवसांत ज्या आठवणी कानी आल्या, त्यांत एक गोष्ट पुनःपुन्हा येत होती: माझा पहिला लेख फादरांनी छापला. ज्यांनी पुढे एक ओळही लिहिली नाही, अशांनाही तो अंक कोणत्या कपाटात ठेवला आहे हे आठवत होते.

मात्र लिहिणारा निवेदक हा निवेदकांतला एक लहानसा गट आहे. आपल्या गावांतील उत्तम सांगणारी माणसे बहुधा लिहीत नाहीत. त्यांना कागद समोर ठेवला की घाम फुटतो. आणि कोणी त्यांचे सांगणे लिहून घेतलेच, तर पुढे संपादकाची लाल शाई उभी असते.

आमच्या धर्मग्रामात एक आजी आहेत. वय नव्वदीच्या घरात. कादोडी बोलीखेरीज दुसरी भाषा त्या सहसा बोलत नाहीत. त्यांच्या आईची एक हकिकत त्या सांगतात. पूर्वी वाडीला रहाटाने पाणी दिले जाई. डोळ्यांना ढापण बांधलेला रेडा रात्रभर गोल फिरे आणि त्याने थांबू नये म्हणून आई गाणी म्हणत असे. तान्हे मूल घरी कोणाजवळ ठेवायचे? म्हणून त्याची झोळी तिने रहाटाच्याच आडव्या लाकडाला बांधली. रेडा फिरे, झोळी हले, मूल झोपे. गाणे थांबले की रेडा थांबे, रेडा थांबला की मूल रडे, मूल रडले की खाटेवरचे वडील ओरडत. पुढे विजेचा पंप आला. रेडा विकला गेला, आईला रात्रीची झोप मिळाली, पण धाकटा भाऊ कित्येक रात्री झोपेना. हे सांगताना आजी आधी हसतात आणि मग एकाएकी गप्प होतात.

एका मुलीने हे लिहून एका नियतकालिकाकडे पाठविले. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. लेख छापून आला तेव्हा त्यातील बोली निघून गेली होती. आजींची आई ‘माझ्या मातोश्री अत्यंत कष्टाळू व धर्मपरायण होत्या’ या वाक्यात जाऊन बसली होती. रेडा होता, झोळी होती. वडिलांचे ओरडणे मात्र कौटुंबिक औचित्याच्या दृष्टीने गाळले होते. मुलीने मोठ्या उत्साहाने आजींना लेख वाचून दाखविला. आजींनी शेवटपर्यंत ऐकले. मग त्या जे बोलल्या त्याचा भावार्थ असा, की बाई चांगली दिसते, पण ही माझी आई नव्हे. (त्यांचे मूळ शब्द त्यांच्या बोलीतील कथनासह पुढील अंकात द्यावयाचे ठरले आहे, म्हणून येथे भावार्थावरच थांबतो.)

ज्यांना शुद्धलेखनाची फार काळजी वाटते, त्यांनी संत मार्कचे शुभवर्तमान पुन्हा एकदा उघडून पाहावे. मार्क ग्रीक भाषेत लिहीत होता, आणि त्याच्या बहुसंख्य वाचकांना अरामी येत नसावी. कारण तो त्या शब्दांचा अर्थ लगेच सांगतो. तरीही बहिऱ्याचे कान उघडताना प्रभूच्या तोंडून निघालेला ‘एफ्फाथा’ हा शब्द त्याने तसाच ठेवला. गेथशेमनी बागेतील ‘अब्बा’ तसाच ठेवला. त्याला ग्रीक प्रतिशब्द ठाऊक नव्हता असे नाही. पण गालीलचा हा सुतार घरात कसा बोलत असे, तो आवाज त्याला गमवायचा नव्हता. शुभवर्तमानकाराला जे औचित्यभंग वाटले नाही, ते आपल्या त्रैमासिकांना का वाटावे?

हा प्रश्न आज ऐरणीवर आला आहे याचे कारण, बोलणारी माणसे वेगाने कमी होत आहेत. चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. या गर्दीत कादोडी, वाडवळी, कोळी बोली बोलणारा माणूस आपल्याच गल्लीत पाहुणा ठरतो आहे. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, सूनबाई दुसऱ्या प्रांतातून येतात, आणि आजी-नातवंडांत ‘खाल्लंस का’ आणि ‘झोपलास का’ एवढ्याच दोन वाक्यांचा व्यवहार उरतो. यात कोणाचा अपराध नाही. त्याच वेळी हीच मुले भ्रमणध्वनीवर कादोडीत विनोदी चित्रफिती करतात आणि त्या बहारीनला, दुबईला असलेले आपले लोक रात्री जागून पाहतात. काही ज्येष्ठांना हा पोरखेळ वाटतो. मला नाही वाटत. ज्या बोलीत अजून विनोद होतो ती बोली जिवंत आहे, हे कोणत्याही भाषाशास्त्रज्ञाला विचारण्याची गरज नाही. फक्त विनोदाच्या पलीकडचेही त्या बोलीत सांगता येते, हे त्या मुलांना कोणीतरी दाखवून द्यायला हवे, आणि ते काम नियतकालिकाचे आहे.

आता पैशांविषयी. धर्मगुरूंनी पैशांविषयी बोलू नये असा संकेत आहे. पण छापखान्याचे बिल मिस्साबलिदानाने फिटत नाही. आमच्या भागातील एका वार्षिकांकाच्या सल्लागार मंडळावर मी आहे. दोन वर्षांपूर्वी एका बांधकाम व्यावसायिकाकडून मलपृष्ठाची रंगीत जाहिरात येऊ घातली होती. त्या एका जाहिरातीत अंकाचा निम्मा खर्च निघाला असता. त्याच अंकात एका वृद्ध शेतकऱ्याचे कथन होते: गावाची सामाईक विहीर, तिच्यावर पोहायला शिकलेल्या तीन पिढ्या, आणि एके सकाळी तिच्यात पडलेला मातीचा पहिला डंपर. कोणावर आरोप नव्हता, कोणाचे नाव नव्हते. तरीही हे कथन वगळता येईल का, अशी नम्र विचारणा झाली.

मंडळात खूप वाद झाला. एक सभासद म्हणाले, यंदा जाहिरात घेऊ, विहीर पुढच्या वर्षी छापू. विहीर काय, बुजलेलीच आहे, ती कुठे जाते! वाक्य चतुर होते आणि दोघे-तिघे हसलेही. पण तो शेतकरी पुढच्या वर्षी असेल की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हते. अखेर कथन ठेवले, जाहिरात गेली. सोळा पानांचा एक फर्मा कमी करावा लागला, मुखपृष्ठ एकरंगी झाले आणि एका कवीची रुसवी काढण्यात माझी एक संध्याकाळ गेली. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात अंक मांडले, तेव्हा लोक पाने चाळून आधी विहीरच शोधत होते. काहींनी दोन-दोन प्रती नेल्या. तूट पूर्ण भरून निघाली असे मी म्हणणार नाही, निघाली नाही. मात्र त्यानंतर लोक आपणहून निरोप पाठवू लागले की, आमच्याकडेही एक म्हातारा आहे, येऊन ऐका. जाहिरात व्यवसायातला तो तरुण ज्याला ब्रँड म्हणतो तो हाच असावा, आणि तो विकत घेता येत नाही, एवढे त्याच्या धंद्यातली माणसेही मान्य करतील.

सांगणाऱ्यांचा गौरव कसा करावा, याबद्दलही आपण विचार केलेला नाही. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह! आमच्या भागातील काही वृद्ध गायिकांच्या घरी इतक्या शाली साठल्या आहेत की, उन्हाळ्यात त्यांचे काय करावे हा त्यांना प्रश्न पडतो. सत्कारसमारंभात प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलतात आणि जिचा सत्कार ती बाई ‘वेळेअभावी’ एक कडवे म्हणते. माझ्या मते गौरव म्हणजे तिचे नाव बिनचूक छापणे, गावाचे आणि पाड्याचे नाव देणे, हे कथन कधी आणि कोणी ऐकून घेतले ते लिहिणे, छापण्यापूर्वी तिला वाचून दाखविणे, आणि थोडे का होईना, पण मानधन पाकिटात घालून तिच्या हातात देणे. लेखकाला मानधन आणि सांगणारीला नारळ, हा भेद कशाच्या आधारावर करतो आपण?

जपून ठेवण्याचीही एक कथा आहे. नव्वदच्या दशकात आपले अंक खिळे-जुळणीतून संगणकावर आले, तेव्हा आम्हांला वाटले, आता सारे कायमचे सुरक्षित झाले. त्या वेळच्या फ्लॉपी आज कोणत्याही यंत्रात जात नाहीत. ज्या फाइली कशाबशा उघडतात, त्यांत त्या काळच्या मराठी फाँटऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. छापलेला कागद मात्र, कडा पिवळ्या पडल्या तरी, वाचता येतो. म्हणून ध्वनिमुद्रण करावे, चित्रफीत करावी, आणि शिवाय कागदावरही उतरवावे, असे मी तरुणांना सांगतो. ख्रिस्तपुराण कशामुळे वाचले, हे त्यांना ठाऊक आहे.

ख्रिस्तसभेला हे सारे नवीन नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र हुकूमनामा काढला. १९६७ पासून जागतिक संपर्कमाध्यम दिन पाळला जातो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या संदेशासाठी कथाकथन हाच विषय निवडला होता, आणि त्याचे सूत्र निर्गमच्या दहाव्या अध्यायातून घेतले होते. तेथे देव मोशेला, जे घडले ते पुत्राला आणि नातवाला सांग, असे बजावतो. त्या वर्षी टाळेबंदीमुळे कित्येक धर्मग्रामांत तो संदेश वाचलाच गेला नाही. अनेक घरांत मात्र आजोबा आणि नातू बऱ्याच वर्षांनी एकाच खोलीत अडकून पडले होते.

सध्या आमच्या युवकांपैकी पाच-सहा जण रविवारी दुपारी दोघा-दोघांच्या जोडीने घरोघरी जातात. एक ऐकतो, दुसरा ध्वनिमुद्रण सांभाळतो. प्रश्न कमी विचारायचे आणि चहाला नाही म्हणायचे नाही, एवढे दोनच नियम त्यांना घालून दिले आहेत. गेल्या महिन्यात दोघे पाचूबंदरला एका वयोवृद्ध मच्छीमाराकडे गेले होते. वादळाची हकिकत रंगात आली असताना फोनची बॅटरी संपली. मी त्यांच्याकडून पुढची तारीख घेण्यासाठी गेलो, तेव्हा ते जाळे शिवीत बसले होते. म्हणाले, ‘‘आता धंद्याचे दिवस आहेत, फादर. जूनमध्ये बंदी लागली की या, तेव्हा होडी काठाला आणि मी घरी. आणि पोरांना सांगा, या खेपेला मशीन नीट भरून आणा. मी अजून बंदरातसुद्धा परतलो नाही.’’